पॅटर्नवाल्या मामांना, जाहीर आभार

आदरणीय मामा,

शि. सा. नमस्कार.

हे पत्र घरी आणून दिलं असतं, तर "असू दे गं, कशाला एवढं" म्हणत तुम्ही ते न वाचताच चष्म्याच्या डबीखाली सरकवलं असतं. म्हणून चारचौघांसमोर लिहितेय. माझ्या बोटी बघून "हे कुठं शिकलीस?" असं विचारणारे बरेच भेटतात आणि मी घाईत काहीतरी अर्धवट सांगते. एकदा नीट सांगावं म्हटलं.

वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं. मी दुसऱ्या महायुद्धातल्या टॉर्पेडो बोटींच्या, म्हणजे पाण्याखालून जाणारे स्फोटक बाण सोडणाऱ्या लहान लढाऊ बोटींच्या, प्रतिकृती करते. प्रमाण १:७००. तयार किट आणून जोडत नाही, नकाशे आणि जुने फोटो समोर ठेवून सगळं हातानं घडवते. अमेरिकेच्या एल्को कंपनीची पीटी, म्हणजे गस्ती टॉर्पेडो, बोट ८० फूट लांब आणि २० फूट ८ इंच रुंद. माझ्याकडे ती पस्तीस मिलिमीटरला किंचित कमी, रुंदीला नऊ. हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तुम्ही डोळे मिटून सुतात (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) हिशेब केलात. "म्हणजे एक इंच तीन सूत. त्यात काय काय बसवणार तू?"

मी यादी वाचली : टॉर्पेडोच्या चार नळ्या, जोड मशिनगनचे दोन मनोरे, मागं २० मिलिमीटरची ओर्लिकन तोफ, चार्टहाऊस (नकाशांची खोली), डोलकाठी. तुम्ही हसला नाहीत. खरं तर हसण्यासारखंच होतं. "लाकूड कुठलं घेतलंस?" एवढंच विचारलंत.

लाकूड सागवान होतं. कामावर इन्स्पेक्शनच्या टेबलावर व्हर्निअर-मायक्रोमीटरनं बारीक मापं तपासायची मला रोजची सवय, पण लाकडाला हात लावायची वेळ कधी आली नव्हती. तुम्ही तो तुकडा उजेडात धरून सांगितलंत की सागाची शीर एवढ्या लहान बोटीवर नांगरलेल्या शेतासारखी दिसणार. मग माळ्यावरून शिवणीचा एक जुना ठोकळा काढलात. शिवण हवेनं फारशी फुगत नाही, वाकत नाही आणि पटाशीला शीर आडवी येत नाही. आमच्या खानापूरकडं शिवणीची झाडं मी लहानपणापासून बघत आलेय, पण त्या लाकडाला एवढे गुण असतील असं कधी वाटलं नव्हतं.

उद्यमबागेत, आमच्या औद्योगिक वसाहतीत, नोकरी करणाऱ्यालासुद्धा पॅटर्नमेकर म्हणजे काय हे धड माहीत नसतं, मग बाहेरच्याचं काय बोलायचं. बेळगावच्या फौंड्र्यांतून पंपाची, मोटारींची, हायड्रॉलिकची कास्टिंग, म्हणजे धातू ओतून केलेले भाग, सगळीकडं जातात. प्रत्येक कास्टिंगच्या आधी कुणीतरी तोच आकार लाकडात कोरलेला असतो. तो वाळूत दाबून साचा घेतात आणि साच्यात वितळलेलं बीड (ओतीव लोखंड) ओततात. तो लाकडी आकार म्हणजे पॅटर्न. मामा, तुम्ही आयुष्यभर तेच केलंत. पॅटर्न वाळूतून अलगद निघावा म्हणून बाजूंना बारीक उतार द्यायचा, आतले कोपरे मेणानं गोल करायचे (त्याला फिलेट म्हणतात), मोठा पॅटर्न दोन भागांत करून खुंट्यांनी जुळवायचा. हे सगळं मी कामावर कास्टिंगच्या अंगावर रोज बघत होते. ते कुणाच्या डोक्यातून आलेलं असतं, हे कळायला मात्र तुमच्या पडवीत बसावं लागलं.

तुम्ही शिकवलेली पहिली युक्ती कागदाची. बोटीच्या दोन्ही बाजू सारख्या कोरणं हे या कामातलं सगळ्यात अवघड. एक बाजू जमते, दुसरी तिच्या मागं धावते आणि शेवटी बोट केळ्यासारखी होते. तुम्ही शिवणीच्या दोन फळ्या घेतल्या, मधे खाकी कागद घालून सरसानं चिकटवल्या आणि त्या जोडाच्या दोन्ही बाजूंना बोट आखलीत. आता कितीही तासलं तरी मधली काळसर रेघ वरून, खालून, पुढून, मागून दिसतच राहते. मोजायचं ते त्या रेघेपासून. मोठ्या कामात असा जोड नंतर कागदावर उकलून दोन अर्धे वेगळे करतात. आम्ही तो तसाच ठेवला. आणि बोट सुटी कापायची नाही, लांब काडीच्या टोकाला ठेवून कोरायची, म्हणजे धरायला मूठ राहते. कापायची सगळ्यात शेवटी. ज्यांना पस्तीस मिलिमीटरची वस्तू चिमट्यात धरून तासायची सवय आहे, त्यांनी हे एकदा करून बघावं.

या बोटीचा तळ गोल नसतो. बाजू आणि तळ जिथं मिळतात तिथं एक स्पष्ट कड असते, ती मागं पाण्याखाली राहते आणि नाळेकडं, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडं, जाताना वर चढते. वेगात बोट पाण्यावर उचलली जावी म्हणून ही रचना. पाण्याच्या रेषेवर कापलेल्या, म्हणजे पाण्याखालचं अंग नसलेल्या, प्रतिकृतीत ती कड फक्त पुढच्या सातआठ मिलिमीटरांत दिसते, आणि तेवढ्यावरच बोट ओळखू येते. मी ती कड सँडपेपरनं घासून छान गुळगुळीत करत होते तेव्हा तुम्ही हात धरलात. "फिलेट आतल्या कोपऱ्याला. बाहेरच्या कडेला न्हवं."

पण ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं, ती गोष्ट वेगळीच आहे.

बीड थंड होताना मीटरमागं साधारण दहा मिलिमीटर आकसतं, ॲल्युमिनियम त्याहून जास्त, तेराच्या आसपास. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो (या जादा मापाला अलाउन्स म्हणतात), आणि त्यासाठी तुमच्याकडं पट्ट्याच निराळ्या. बिडाची वेगळी, ॲल्युमिनियमची वेगळी; त्यांच्यावरचा इंच खऱ्या इंचापेक्षा चिमूटभर मोठा. मी नोकरीत शिकले ते असं की माप चुकलं की पार्ट रिजेक्ट. तुम्ही उभा जन्म जाणूनबुजून चुकीच्या मापाची वस्तू करत होता, कारण पुढं जाऊन ती बरोबर यायची होती.

माझ्या बोटीचं दुखणं नेमकं तिथंच होतं. खऱ्या बोटीवरचा दीड इंची पाइप १:७०० मध्ये ०.०५ मिलिमीटर होतो, म्हणजे बारीक केसाएवढा. तो करता येत नाही, केला तर टिकत नाही, टिकला तर दिसत नाही. मग मी काय करत होते? हाताला येईल ती तार लावत होते. डोलकाठीला एक, तोफेला दुसरी, कठड्याला तिसरी. सगळं मोजून केलेलं असूनही बोट खेळण्यासारखी का दिसते ते कळत नव्हतं. तुम्ही बराच वेळ भिंगातून बघितलंत. मग म्हणालात की सगळ्या बारीक वस्तूंना एकच अलाउन्स दे. जाड करायचं तर सगळंच दुप्पट कर. एक दुप्पट आणि शेजारचं चौपट झालं की डोळा लगेच पकडतो. आणि दुप्पट करूनही जे हाताला येत नाही, ते सोडून दे.

त्या दिवसापासून मी ४० नंबरची वाइंडिंगची तार वापरते. जाडी ०.१२ मिलिमीटर, म्हणजे दुपटीला थोडी वर. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात तिचे तुकडे फुकट मिळतात. टॉर्पेडोच्या नळ्यांना अलाउन्स लागतच नाही. २१ इंची टॉर्पेडो या प्रमाणात पाऊण मिलिमीटर भरतो, त्याच्या नळीसाठी २० गेजची इंजेक्शनची सुई बरोबर बसते. मेडिकलवाला मात्र अजून माझ्याकडं संशयानं बघतो. कठडे मी सोडून दिले. बऱ्याच जणांना ते खटकतं. खटकू दे.

आपल्याकडं दिवाळीत पोरं किल्ले करतात, त्यावर मावळा दरवाजापेक्षा उंच असतो आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही, कारण सगळेच मावळे सारखे उंच असतात. तुमचं बोलणं ऐकल्यावर मला पहिल्यांदा कळलं की त्या किल्ल्यांवर माझं लहानपणी काहीच का अडलं नव्हतं.

एक गोष्ट मीही तुम्हाला दाखवली, तेवढं श्रेय घेते. साच्यात रेझिन (घट्ट होणारं प्लास्टिक) ओतून आणखी बोटी काढाव्यात म्हणून शिवणीच्या मूळ बोटीवर सिलिकॉन रबर ओतून साचा घेतला, तेव्हा तुमचं म्हणणं होतं की ही वस्तू साच्यातून निघणारच नाही. वर रुंद, पाण्याच्या रेषेला अरुंद, सगळा उतार उलटा. वाळू असती तर साचा फुटलाच असता. मी रबर वाकवून बोट बाहेर काढली आणि तुम्ही ती परत आत घालून परत काढलीत, मग परत. मामी आतून ओरडल्या की रेझिनचा वास चहाला लागतोय. साच्यात ओतण्याआधी टाल्कम पावडर भुरभुरवते, बुडबुडे धरत नाहीत, हे सांगितलं तर म्हणालात, "आम्हीपण फ्रेंच चॉक मारतो की." आणि लगेच पुढचं काम लावलंत : रेझिन किती आकसतं ते आधी पट्टी ओतून मोज. शंभर मिलिमीटरच्या साच्यात पट्टी ओतली, दुसऱ्या दिवशी व्हर्निअर लावलं. त्या आकड्यावरून पुढची मूळ बोट मोठी केली. हे मला कुठल्याही पुस्तकानं सांगितलं नव्हतं.

कोरताना तुम्हाला गोष्टी लागायच्या, तेही आठवतंय. या बोटींची अंगं महोगनीची, तिरक्या फळ्यांचे दोन थर आणि मधे चिकटवलेलं कापड, हे ऐकून तुम्ही मान डोलावलीत. पण आत पॅकार्डची तीन पेट्रोल इंजिनं आणि तीन हजार गॅलन १०० ऑक्टेन पेट्रोल, हे ऐकल्यावर पटाशी खाली ठेवलीत. "लाकडाच्या पोटात?" मग पीटी-१०९ ची गोष्ट निघाली. २ ऑगस्ट १९४३ ची रात्र, सॉलोमन बेटं, जपानी विनाशिका आमागिरी अंधारातून येऊन थेट बोटीवर चढली आणि बोट दुभंगली. तेरा जणांपैकी दोघे गेले. उरलेल्यांना घेऊन पोहत बेटावर पोचलेला कप्तान म्हणजे पुढं अमेरिकेचा अध्यक्ष झालेला जॉन केनेडी. त्यानं नारळाच्या करवंटीवर निरोप कोरला आणि तिथल्या दोन बेटवासीयांनी, बियुकु गासा आणि एरोनी कुमाना यांनी, तो होडीतून पोचवला. तुम्ही विचारलंत, "कोरला कशानं?" चाकूनं, म्हटलं. करवंटीवर अक्षर काढणं सोपं नाही, एवढाच तुमचा अभिप्राय. माझ्या मते केनेडीबद्दल याहून नेमकं कुणी बोललेलं नाही.

आमागिरीही मग केली, नुसती अंगापुरती. ११८ मीटरची विनाशिका म्हणजे १६९ मिलिमीटर. शेजारी ती पस्तीस मिलिमीटरची बोट ठेवली की वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. तुम्ही ट्यूबलाइट बंद केलीत, टॉर्च टेबलाच्या पातळीला आडवी धरलीत आणि भिंतीवरच्या सावल्या तपासल्यात. सावलीत चार्टहाऊस अर्धा मिलिमीटर उंच दिसलं. ते होतंच.

कारवारला आपण गेलो होतो, टागोर बीचवरची 'आयएनएस चपळ' बघायला. ती १९७६ साली नौदलात आलेली क्षेपणास्त्र बोट, आता वस्तुसंग्रहालय. मला ती बघायची होती कारण तिचं मूळ टॉर्पेडो बोटीत आहे. सोव्हिएत संघानं आधी पी-६ या लाकडी टॉर्पेडो बोटीच्या अंगावर दोन क्षेपणास्त्रं बसवून कोमार वर्ग केला. १९६७ च्या ऑक्टोबरात इजिप्तच्या असल्याच बोटींनी इस्रायलची एलात विनाशिका बुडवली. पुढं पोलादी अंगाचा, चार क्षेपणास्त्रांचा ओसा वर्ग आला. १९७१ च्या डिसेंबरात कराचीवर गेलेल्या आपल्या निपात, निर्घात आणि वीर याच वर्गातल्या, आणि चपळ त्यांच्याच घरातली धाकटी. मी हे सगळं सांगत होते आणि तुम्ही क्षेपणास्त्राच्या कोठारांच्या गोल पाठीवरून हात फिरवत होता. परतीच्या बसमध्ये विचारलंत की हिचा पॅटर्न किती तुकड्यांत करावा लागेल. लोंढा गाव येईपर्यंत आपण तेच बोलत होतो.

माझा भाचा म्हणतो, मावशी, थ्रीडी प्रिंटरवर एका रात्रीत होईल. होईल. फौंड्र्यांतही आता पॅटर्न संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशिनवर निघतात, प्रिंटसुद्धा होतात, आणि ते उत्तम असतात, मीच तपासते. तुमच्या पट्ट्या तुम्ही मला दिल्यात त्या याच कारणानं, हे न बोलता कळलं. त्या मी शोभेला ठेवलेल्या नाहीत. बिडाची पट्टी माझ्या रेझिनच्या आकड्याला फार जवळ जाते, त्यामुळं रोज वापरात आहे.

पुढची बोट जर्मनांची एस-बोट, म्हणजे त्यांची टॉर्पेडो बोट. पस्तीस मीटरची, म्हणजे या प्रमाणात पन्नास मिलिमीटर. इंजिनं डिझेलची, तेव्हा पेट्रोलची तुमची काळजी मिटली. मात्र हिचा तळ गोल आहे, कड नाहीच, उत्तर समुद्राच्या लाटांसाठी तसा केलेला. माझ्याकडच्या पटाशा सगळ्या सपाट. तुमच्या पेटीतली तीन सुताची गोल पटाशी लागेल. धार मी लावून आणते म्हटलं तर तुम्ही देणार नाही, हे माहीत आहे. तेव्हा धार तुम्हीच लावून ठेवा. रविवारी दहाच्या सुमारास येते. पाऊस असला तरी येते, रंगकाम नाही, नुसतं कोरायचं आहे. मामींना सांगा, या वेळी रेझिन आणणार नाही.

तुमची,
अनगोळच्या खालच्या गल्लीतली भाची