मशीन फास्टच आहे रे

रत्नागिरी

प्रिय विन्या,

फोनवर तू म्हणालास, "पेशंट ताटकळतात तर नवीन फास्ट मशीन घ्या की!" बाहेर रांग होती, म्हणून नुसता हसलो. आता सवडीने लिहितो.

आमचा लिनॅक, म्हणजे कॅन्सरवर किरणांचा शेक देणारं मशीन, धिमा नाही. आयएमआरटी या आधीच्या पद्धतीत सात-नऊ कोनांवर थांबत थांबत बीम द्यावा लागायचा. आताच्या व्हीमॅट पद्धतीत गँट्री, म्हणजे मशीनचा फिरता हात, फिरता फिरताच डोस देते. एफएफएफ, म्हणजे वाटेत फिल्टर नसलेल्या, बीममध्ये मिनिटाला 600 ऐवजी 1400 एमयू (मशीन किरण मोजतं ते एकक) मिळतात, पण रोजच्या दोन ग्रेला (ग्रे म्हणजे शरीरात जिरलेल्या डोसचं माप) त्याचा फारसा उपयोग नाही. गँट्रीचा एक वेढाच मुळी मिनिटाच्या आत होत नाही!

वेळ खातं ते टेबल, म्हणजे पेशंटला त्यावर नेमकं झोपवणं. परवा जयगडचे एक तांडेल घशाला शेक घ्यायला आले. जेवण जात नाही, गाल बसलेले, त्यामुळे डोकं हलू नये म्हणून घालतो तो मास्क ढिला. क्लिपा टकाटक लावल्या, सीबीसीटी (मशीनवरच निघणारा स्कॅन) काढला, तर हनुवटी सरकलेली. क्लिपा काढा, मान सरळ करा, पुन्हा स्कॅन. बीम दोन मिनिटांचा, खोली अडकली अर्धा तास. असंच होत राहिलं तर नवा मास्क, नवं प्लॅनिंग.

आता आम्ही घशाचे पेशंट ओळीने घेतो, म्हणजे मास्क अडकवायची टेबलावरची फळी, बेसबोर्ड, सारखी बदलावी लागत नाही. पुढचा माणूस गाऊन घालून तयार असतो. प्रोस्टेटवाल्यांना मूत्राशय भरलेलं लागतं. ते घरूनच पाणी पिऊन निघायचे आणि राजापूरच्या एसटीत त्यांचे हाल व्हायचे. आता पाणी इथे आल्यावर. वेळाही एसटी बघूनच देतो.

पावसात लाइट गेली की मात्र सगळं कोलमडतं. परत आली तरी तपासण्या झाल्याशिवाय बीम नाही. सकाळच्या क्यूएला, म्हणजे मशीनच्या रोजच्या तपासणीला, कात्री लावायला मी कधीच तयार होणार नाही. माझं विचारशील तर नव्या मशीनआधी दणकट यूपीएस आणि आणखी एक टेक्नॉलॉजिस्ट द्या.

खरी बचत मात्र पेशंटच्या इथल्या फेऱ्यांतच. स्तनाच्या कॅन्सरला पूर्वी 25 फेऱ्या, मग 15 झाल्या. ब्रिटनच्या फास्ट-फॉरवर्ड चाचणीत 2020 साली पाच फेऱ्यांत 26 ग्रे, एका आठवड्यात, तितकंच गुणकारी ठरलं. सगळ्यांना नाही चालत, ते डॉक्टर ठरवतात. पण जिला चालतं, तिची भाताची लावणी बुडत नाही, आणि मशीनवर दुसऱ्या कुणाला जागा होते.

गणपतीला येशील तेव्हा संध्याकाळी चक्कर मार, आत नेऊन दाखवतो. काकूंना नमस्कार.

तुझा,
दिन्या