बी विंगच्या पार्किंगमधले चार्जिंग पॉइंट कायमचे बंद न करता दुरुस्त करण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
सहकारी गृहनिर्माण संस्था

महोदय,

स.न.वि.वि.

बी विंगच्या पार्किंगमधला सॉकेट जळाल्यावर कमिटीने तिथलं इलेक्ट्रिक स्कूटरचं चार्जिंग बंद केलं. तुमची काळजी रास्त आहे, धूर मीही पाहिला आहे. पण नोटिशीत 'निकृष्ट चार्जरमुळे' असं कारण दिलंय, ते चुकीचं आहे. दोष आपल्या वायरिंगमध्ये आहे.

शेजारच्या काकांच्या स्कूटरचा चार्जर मध्येच बंद पडायचा. टक् असा आवाज, लाल दिवा, की पुन्हा काही नाही. सर्व्हिस सेंटरने चार्जर ठीक असल्याचं सांगितलं. म्हणून आम्ही तोच चार्जर पंपरूममधल्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर लावला, त्याची लाइन वेगळी आहे. तिथे बॅटरी न थांबता पूर्ण चार्ज झाली.

मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये काम करतो, म्हणून पार्किंगच्या पॉइंटवर मल्टिमीटर लावून पाहिला. काहीही जोडलेलं नसताना फेज आणि न्यूट्रलमध्ये २३१ व्होल्ट होते. तीन चार्जर एकदम सुरू केल्यावर ते २०४ वर आले. हे तिन्ही पॉइंट जिन्याच्या दिव्यांच्या दीड स्क्वेअर मिमी वायरवरूनच पुढे ओढलेले आहेत. दिव्यांना ती वायर पुरते. तीन चार्जर मात्र मिळून तेरा-चौदा अँपिअर घेतात, तेही तासन्‌तास. त्यात न्यूट्रलचा जोड नुसता पिळून टेप लावलेला. जोड सैल असला की तिथे उष्णता होते, आणि व्होल्टेज उतरलं की चार्जर तेवढ्याच पॉवरसाठी जास्त करंट ओढतो, त्यामुळे जोड आणखी तापतो. जळालेली प्लेट ऑफिसात ठेवली आहे, ती जरूर पाहा. काळेपणा फक्त न्यूट्रलच्या भोकाभोवती आहे, फेजची बाजू पांढरीस्वच्छ आहे.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. पॉइंटला अर्थिंगच नाही. तिसऱ्या पिनेला वायर आहे, पण ती पुढे कुठेच जोडलेली नाही. चार्जर लावलेला असताना फेज आणि अर्थमध्ये साधारण ११५ व्होल्ट दिसतात. अर्थिंग नीट असतं तर तिथे २३० च्या आसपास दिसायला हवेत. चार्जरच्या आतल्या फिल्टरमुळे त्याच्या धातूच्या बॉडीवर अर्धं व्होल्टेज येतं आणि ते जायला वाट नसते. चार्जरला हात लावल्यावर मुलांना झिणझिण्या येतात त्या याच. उद्या एखाद्या चार्जरचं आतलं इन्सुलेशन गेलं, तर पूर्ण २३० व्होल्ट बॉडीवर येतील. पावसाळ्यात पार्किंगची फरशी ओली असते, तेव्हाचा विचार करा.

नोटिशीनंतर काय झालंय तेही सांगतो. पहिल्या मजल्यावरून एक्स्टेंशनच्या वायरी खाली सोडल्या जात आहेत आणि काही जण बॅटरी काढून जिन्याच्या लँडिंगवर चार्ज करतात. आग लागली तर माणसं त्याच जिन्याने उतरणार. लँडिंगवरचं चार्जिंग आजच बंद करा, त्या नोटिशीवर मी स्वतः सही करीन.

आणि गेटबाहेरच्या वायरमनकडून चार्जर उघडून घेऊ नका, असंही सभासदांना कळवावं. त्याने एका चार्जरमध्ये उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार टाकली आहे. फ्यूज उडाला की आत काहीतरी शॉर्ट असण्याची शक्यता असते, तार टाकून ते शॉर्ट जात नाही. शिवाय प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरवर तीनशे व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो.

कमिटीकडे मागणं एवढंच आहे. परवानाधारक इलेक्ट्रिकल कंत्राटदाराकडून मीटररूमपासून स्वतंत्र लाइन ओढून घ्यावी, वायर चार स्क्वेअर मिमीपेक्षा कमी नको. प्रत्येक पॉइंटला स्वतःचा एमसीबी (जास्त करंट गेला की लाइन तोडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळून अंगातून किंवा जमिनीत जाऊ लागला की लाइन तोडणारा स्विच) आणि सब-मीटर असावा. अर्थिंगची चाचणी करून तिचा लेखी रिपोर्ट घ्यावा. सोसायटीचा मंजूर भार पुरतो का, हेही कंत्राटदाराने आधीच तपासावं. युनिटचं बिल वापरणारेच भरतील, आम्ही पाच सभासद तसं लिहून द्यायला तयार आहोत.

येत्या मासिक सभेत हा विषय घ्यावा. तोपर्यंत जिन्याच्या दिव्यांच्या लाइनवरून ते तिन्ही पॉइंट नुसते स्विचने बंद न ठेवता जोडच काढून टाकावेत. कंत्राटदार पाहणीला येईल तेव्हा मी हजर राहीन आणि माझी रीडिंग त्याच्यासमोर पुन्हा घेऊन दाखवीन.

आपला,
बी विंगमधील एक सभासद