मालकिणीचं नाव कोणत्या रकान्यात लिहायचं?

प्रति,
माननीय सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात एका लावणी स्पर्धेत एकोणीस वर्षांची मुलगी ऐन तोड्यात मंचावर पडली. घोटा सुजून टम्म झाला. सहा आठवडे चाळ, म्हणजे पायातली घुंगरांची माळ, बांधायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. लोखंडी सांगाड्यावर आठ बाय चारची प्लायवूड टाकली होती. दोन फळ्यांच्या सांध्यात बोटभर फट होती आणि तिच्यावर न ठोकलेला गालिचा अंथरला होता. पार्टीच्या, म्हणजे नाचणाऱ्या मुली आणि वादकांच्या संचाच्या, मालकिणीने दुपारीच मंचावर चालून ती फट शोधली, दाखवली आणि गालिचा काढा म्हणाली. तिला उलट विचारलं गेलं, "बाई, तुम्ही कोण?" यादीत तिचं नाव नव्हतं. संघप्रमुख म्हणून मॅनेजरचं नाव होतं आणि नृत्यदिग्दर्शक म्हणून आणखी एका पुरुषाचं.

आदल्या वर्षी त्याच व्यासपीठावरून शब्द दिला होता, की शिकवणाऱ्या बाईचं नाव अर्जात वेगळं लिहू आणि तिला मानधन देऊ. टाळ्याही झाल्या. यंदा अर्ज आला तो जुनाच.

मंत्रिमहोदय, संगीत बारीत, म्हणजे बायकांच्या लावणी पार्ट्यांच्या परंपरेत, मालकीण म्हणजे काय, हे अर्ज छापणाऱ्यांना कुणीतरी सांगायला हवं. सुपारी, म्हणजे कार्यक्रमाचा सौदा, ती ठरवते; इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, ती घेते. पेटीवाला, ढोलकीवाला, तबलजी यांचे वाटे तीच करते. कुठली फर्माईश घ्यायची, कुठली नाकारायची आणि मुलींना बैठकीतून कधी उठवायचं, हा निर्णयही तिचाच. आणि या सगळ्याच्या आधी ती शिकवते.

शिकवणं कसं असतं तेही लिहितो, कारण दहा दिवसांच्या शिबिरात ते मावत नाही. पहिले तीन-चार महिने मुलीच्या पायात एकही घुंगरू नसतं. मातीच्या जमिनीवर नुसता ठेका, पूर्ण तळवा टेकवून, सकाळ-संध्याकाळ. मग पन्नास घुंगरांची चाळ, मग शंभराची. पूर्ण चाळ दोन्ही पायांत मिळून चार-पाच किलोंची होते. ती पहिल्याच आठवड्यात बांधली, तीही फरशीवर, तर नडगी दुखायला लागते. नडगी दुखली की मुलगी तळवा टाकायचं सोडून टाच आपटते आणि सगळा भार गुडघ्यावर जातो. बांधायचीही रीत आहे. खाली सुती पट्टी गुंडाळायची आणि पहिला फेरा घोट्याच्या हाडाच्या दोन बोटं वर घ्यायचा. सैल राहिली तर चाळ घसरून कातडं सोलते, आवळली तर पोटरीत गोळा येतो. हे बघून शिकता येत नाही. कुणीतरी खाली बसून मुलीचा पाय हातात घ्यावा लागतो.

पायांनंतर अदाकारी, आणि तिथे तर वर्षं जातात. बैठकीच्या, म्हणजे बसून अदा करत गायच्या, लावणीत एकच ओळ सात-आठ वेळा येते आणि दर वेळी अर्थ बदलतो. आधी लाडाने, मग रागाने, मग नुसत्या भुवईने, मग पदर सावरता सावरता. राम जोशी, होनाजी बाळा, प्रभाकर, सगनभाऊ या शाहिरांचे शब्द छापलेले आहेत, अभ्यासक्रमात आहेत. पण त्या शब्दांवरच्या अदा कुठेच छापलेल्या नाहीत. त्या एका बाईकडून दुसरीकडे, समोरासमोर बसून गेल्या. यमुनाबाई वाईकर आणि सत्यभामाबाई पंढरपूरकर या लावणी कलावंतांकडे जे होतं, ते असंच आलेलं होतं आणि असंच पुढे जाणार होतं.

आता स्पर्धेत काय होतं ते पाहा. वेळ मिळते आठ मिनिटं. त्यात मुजरा, लावणी आणि जाणंयेणं. आठ मिनिटांत ओळ दोनदा फिरते, अदाकारीला जागाच उरत नाही. मग गिरक्या वाढतात, लय चढते आणि परीक्षक त्यालाच गुण देतात. त्यात अनेक ठिकाणी आता रेकॉर्डेड ट्रॅक चालतो. ट्रॅक मुलीच्या श्वासासाठी थांबत नाही. नाचणारी मान वळवून ढोलकीला खूण करते आणि तिथून तिहाई, म्हणजे तीनदा वाजणारा बोल, सुटते, ही लावणीची खरी गंमत. ट्रॅकवर ती मेलीच. शिवाय ट्रॅकवर नाचलेल्या मुलीला पुढे पार्टी चालवता येत नाही, कारण साथीदारांना हाताखाली घेऊन लय कशी चढवायची आणि कशी आवरायची हे ती शिकलेलीच नसते. पुढची मालकीण तयार होण्याची वाट इथेच बंद होते. देशभरातल्या विद्यापीठांच्या युवा महोत्सवात लोकनृत्याला दहा कलाकार, पाच साथीदार आणि दहा मिनिटं असा नियम आहे. कॉलेजच्या मुलांसाठी साथीदारांच्या पाच जागा राखता येतात, तर ज्यांचं पोट या कलेवर आहे त्यांच्या स्पर्धेत का नाही?

मंचाबद्दल तर रागच येतो, कारण ते इतकं सोपं आहे. अठरा-एकोणीस मिलिमीटरचं प्लाय हवं. खाली दर दोन फुटांवर आधार हवा. सांधे एकमेकांना लागून आणि वरून चिकटपट्टी. गालिचा नको, कारण घुंगराची कडी त्याच्या धाग्यात अडकते. मंचाच्या पुढच्या कडेला पायांचा आवाज धरणारा एक माईक आणि नाचणाऱ्या मुलीकडे तोंड केलेला एक स्पीकर, नाहीतर तिला ढोलकी ऐकूच येत नाही. मागे आतून कडी लागणारी खोली, पाणी आणि स्वच्छतागृह. पाहुण्यांच्या हारांना आणि स्वागतकमानीला जे पैसे जातात, त्यात हे सगळं बसतं. मुली मात्र नऊवारी नेसायला जीपच्या आडोशाला जातात.

१९९३ मध्ये अकलूजला राज्यस्तरीय लावणी स्पर्धा सुरू झाली, तेव्हा अनेक पार्ट्यांना पहिल्यांदा वाटलं की आपली कला कला म्हणून बघायला कुणी बसलं आहे. ती भूक अजून आहे. म्हणून तर पार्ट्या पदरचे पैसे घालून, रात्रभर प्रवास करून स्पर्धेला येतात. पण परीक्षकांच्या खुर्च्यांवर संगीत बारीत नाचलेल्या किती बायका बसतात? एखादी असली तर असते. बक्षिसाचा धनादेश निघतो तो बहुतेक वेळा मॅनेजरच्या नावे. खातं त्याचं, नोंदणी त्याची, सहीही त्याचीच.

आणि हे फक्त स्पर्धेपुरतं असतं तर एवढं लिहिलं नसतं. वीस-पंचवीस मुली घडवलेली बाई कॉलेजात लावणी शिकवायला गेली, तर अर्जात शैक्षणिक पात्रतेचा रकाना समोर येतो. ती सातवी शिकलेली. मग तिच्याऐवजी मोबाईलवर बघून लावणी बसवणारा पदवीधर नेमला जातो, आणि तोच तिच्याकडे येऊन विचारतो, "मावशी, जरा ती अदा दाखवा ना." वयोवृद्ध कलावंतांचं मानधन आहे, महिना पाच हजार, पण पन्नाशीनंतर. नाचणारी बाई पस्तिशी-चाळिशीत मंचावरून उतरते. मधली दहा-पंधरा वर्षं तिने काय करायचं? याच वर्षांत तिचं शरीर अजून दाखवू शकतं आणि डोक्यात सगळं साठलेलं असतं. शिकवण्याचं वय हेच, आणि नेमकं तेव्हाच सरकारच्या लेखी ती कुणीच नसते. तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपती पदक दोनदा मिळालं, १९५७ आणि १९९० ला, तरी अखेरचे दिवस हलाखीत गेले. आज त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार आहे. तो द्यावाच. पण बाई थकल्यावर, ऐकू कमी येऊ लागल्यावर शाल पांघरून तिच्याकडून काय शिकून घेणार?

आमचं मागणं असं. शासनाचा एक रुपयाही जिथे लागतो, त्या प्रत्येक लावणी स्पर्धेच्या अर्जात शिकवणाऱ्या बाईच्या नावाचा आणि सहीचा रकाना असावा आणि बक्षिसाचा वाटा थेट तिच्या खात्यात जावा. मंच तिने चालून पाहून होकार दिल्याशिवाय पडदा उघडू नये. साथीदार जिवंत हवेत आणि बैठकीच्या लावणीला किमान पंधरा मिनिटं. परीक्षकांत निम्म्या तरी बारीत नाचलेल्या बायका असाव्यात. चाळिशीतल्या मालकिणींना शिक्षिका म्हणून वर्षभराचं मानधन द्यावं, प्रत्येकीकडे चार मुली सोपवून, पदवी न विचारता. त्या चार मुलींनी नाचासोबत सुपारीचा करार वाचायला, हिशेब लिहायला आणि नको त्या फर्माईशीला नाही म्हणायलाही तिच्याकडूनच शिकावं.

पडलेल्या मुलीला तिची मालकीण सध्या रोज बसून अदाकारी शिकवते आहे. पाय चालत नाही, तोवर डोळे शिकतील म्हणते. पुढच्या हंगामाचे अर्ज दिवाळीच्या आसपास छापायला जातात. त्याआधी उत्तर यावं.

कळावे,
संगीत बारीत मुलींना शिकवणाऱ्या आणि त्यांना साथ करणारे आम्ही काही जण