भरतीच्या ग्राउंडवर 'थांब' म्हणणारा कोणी हवा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

पोलीस भरती निघणार अशी नुसती कुणकुण लागली की आपल्या नागपुरात रेशीमबाग, मानकापूर, फुटाळ्याचा रस्ता सगळं पहाटेच भरून जातं. पोरापोरींची मेहनत पाहून खरंच भरून येतं. मी क्रीडाशिक्षिका होते, रिटायर झाले तरी सकाळी मैदानावर जातेच, आणि तिथं जे पाहते त्यावरून लिहावंसं वाटलं.

पळण्याने पोरांचं भलंच होतं. दिवसभर लायब्ररीत मान मोडून बसणारं पोरगं चार राउंड मारून आलं की चेहरा बदलतो, झोप लागते, घरचं टेन्शन थोडं हलकं होतं. पण ही मेहनत एका मर्यादेपलीकडे गेली की तीच अंगावर उलटते, आणि ती मर्यादा ओळखायला कोणी शिकवतच नाही. '१६०० मीटरला २० मार्क आहेत, मेला तरी थांबू नको' एवढंच कानावर पडत राहतं.

पळताना शरीर जेवढी एनर्जी जाळतं त्यातला मोठा भाग नुसती उष्णता होऊन बाहेर पडतो, तो उन्हाळ्यात मुख्यतः घाम सुकूनच निघतो. मे महिन्यात आपल्याकडे हवा इतकी कोरडी की घाम लगेच उडून जातो, किती गेला ते कळतच नाही. आणि जूनमध्ये दमट झालं की घाम सुकत नाही, मग अंग थंडच होत नाही. त्यात वजन उतरावं म्हणून काही पोरं जॅकेट घालून पळतात, ते तर बंदच करा बापा.

आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलं की गडबड आधी डोक्यात दिसते. परवा एक पोरगा राउंड संपवून ट्रॅक सोडून भलतीकडेच चालत गेला, गाव विचारलं तर नुसता माझ्याकडे पाहत राहिला, आणि वर चिडला. ट्रेनर म्हणे नाटक करून राहिला. अहो ते नाटक नसतं, तो उष्माघात असू शकतो, आणि अंगाला घाम आहे म्हणून तो नाही असं धरून चालत नाही. आम्ही त्याला सावलीत घेऊन बादल्या ओतल्या, ओले दुपट्टे घातले, वारा घातला, तेव्हा कुठं तो नीट बोलला आणि मग त्याला दवाखान्यात नेलं. गाडीची वाट पाहत बसू नये, आधी थंड करायचं आणि मग न्यायचं, आणि शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही.

दुसरं म्हणजे शिक्षा. नव्या पोराला पहिल्याच दिवशी शेकडो बैठका मारायला लावतात. सवय नसताना एवढं केलं की स्नायू आतून फुटतात आणि ते सगळं रक्तातून किडनीवर जाऊन बसतं. पाय दुखणं दोन-तीन दिवस चालतंच, पण लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर त्याच दिवशी मेडिकल नाहीतर मेयो, यातला एक सरकारी दवाखाना गाठा.

आणि ज्याचं टायमिंग रोज घसरतं, झोप उडालीय, घरी आईवर खेकसतो, सकाळी उठल्याउठल्या नाडी नेहमीपेक्षा जोरात चालते, त्याला आणखी राउंड देऊ नका, चार दिवस आराम द्या. आळस नाही तो.

झारखंडमध्ये २०२४ च्या ऑगस्टमध्ये अबकारी शिपाई भरतीत १० किलोमीटर पळताना किंवा पळाल्यावर दहाच्या वर उमेदवार दगावले. त्यांनीही असंच जीव तोडून पळून नोकरीचं स्वप्न पाहिलं असेल.

मनपा दर उन्हाळ्यात हीट अॅक्शन प्लॅन राबवते, त्यात ही भरतीची मैदानं धरा. पाण्याचे ड्रम, बर्फ, सावलीचा मांडव, एक प्रथमोपचार शिकलेला माणूस आणि उन्हात नवीन पोरांना सवय व्हायला दहा-चौदा दिवस, एवढंच मागणं आहे. आपल्या पेपरने तापमानाच्या आकड्याशेजारी ही लक्षणं छापली तर ग्राउंडवरचे ट्रेनरही वाचतील, तिथं सकाळी पेपर येतोच.

एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, नागपूर