विषय: छतावरच्या पंख्याचं झाकण मिटत नाही, आणि तुमच्या लेखी ते मिटलेलं आहे

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवला आणि लगेच हे लिहायला बसले. यापुढे मला फोनवर काहीही बोलायचं नाही. जे उत्तर द्यायचं ते लेखी द्या, आणि ज्याने हा पंखा स्वतःच्या हाताने उघडून पाहिला आहे अशा माणसाकडून द्या.

पंखा कोणता ते तुम्हाला ठाऊक आहे. राहायच्या ट्रेलरच्या, म्हणजे गाडीमागे ओढायच्या फिरत्या घराच्या, छतावर बसवायचा, १२ व्होल्टचा, दहा पात्यांचा, मोटरने उघडमीट होणाऱ्या झाकणाचा, पावसाचा सेन्सर असलेला. मॉडेल आणि सिरियल नंबर तुमच्याकडे माझ्या प्रत्येक तक्रारीत नोंदलेला आहे. तरी दर वेळी तो पहिल्यापासून विचारला जातो.

याच्या आधी ट्रेलरला कारखान्यातूनच आलेला छोटा पंखा होता. तीन चिमुकली पाती आणि झाकण उघडायला हाताने फिरवायची मूठ. हवा तो फारशी ओढायचा नाही. स्वयंपाक झाला की काचांवरून पाणी ओघळायचं आणि पहाटे गादी खालून ओलसर लागायची. बंद ट्रेलरमध्ये माणसांचा श्वास, भांड्यातली वाफ आणि गॅस जळताना तयार होणारी वाफ बाहेर गेली नाही तर भिंतीत आणि प्लायवूडमध्ये मुरते आणि बुरशी धरते. हे मी तुम्हाला सांगायला नको, तुमच्या जाहिरातीत हेच लिहिलं आहे. म्हणून मी तुमचा मोठा पंखा घेतला. त्यातही पावसाच्या सेन्सरसाठी घेतला. आपण बाहेर गेलो आणि मागे सर आली तर झाकण आपोआप मिटेल, एवढी एक काळजी जावी म्हणून.

झालं ते असं. पाऊस सुरू झाला, सेन्सरने काम केलं, झाकण खाली यायला लागलं आणि चार बोटं उरलेली असताना अडकलं. मोटर फिरत राहिली, आतून कर्रर्र कर्रर्र आवाज आला, मग तोही थांबला. फटीतून पाणी जाळीवर आणि जाळीतून थेट अंथरुणावर. मी धावत जाऊन पॅनेल पाहिलं तर हिरवा दिवा. तुमच्या पत्रकाप्रमाणे हिरवा दिवा म्हणजे झाकण पूर्ण मिटलं.

आणीबाणीत हाताने झाकण मिटवायला तुम्ही एक गोल खिट्टी दिली आहे. ती फिरवली. ती नुसतीच फिरते, काही ओढत नाही, काही ढकलत नाही. आत पंखाही सुरू होईना, कारण पंख्यातल्या सर्किट बोर्डाच्या समजुतीप्रमाणे झाकण मिटलेलं आहे आणि मिटलेल्या झाकणाखाली पंखा चालवायचा नाही. म्हणजे पाणी आत येतंय आणि हवा बाहेर जात नाही. शेवटी भर पावसात शिडी लावून ओल्या रबरी छतावर चढले, झाकण हाताने दाबलं आणि पट्ट्याने आवळून बांधलं. ओलं रबरी छत किती निसरडं असतं हे पंखे विकणाऱ्या कंपनीला माहीत असायला हवं. पण झाकण तसंच उघडं ठेवून ट्रेलर ओढायचा तर रस्त्यावरचा वारा झाकणाखाली शिरतो आणि ते बिजागरीसकट उखडून मागच्या गाडीवर जाऊ शकतं. मग चढण्यावाचून दुसरा मार्ग कोणता होता, ते तुम्ही सांगा.

पाऊस उघडल्यावर मी खालची जाळी काढली. तुमचंच पत्रक म्हणतं की जाळी नियमित काढून धुवा, तेव्हा यात मी काही तोडफोड केलेली नाही. झाकण उचलणाऱ्या दांड्याच्या बुडाशी एक पांढरा प्लॅस्टिकचा गिअर आहे, नाण्याएवढा. त्याचे एका बाजूचे दाते झिजून सपाट झाले आहेत आणि खाली ग्रीसमध्ये पांढरा भुसा पडलेला आहे. नेमके तेच दाते, जे झाकण रबरी गॅसकेटवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या कडेच्या पट्टीवर, दाबून बसवताना लागतात, जिथे सगळ्यांत जास्त जोर पडतो. बाकीचे नव्यासारखे आहेत. आणि हाताने फिरवायची खिट्टीसुद्धा त्याच गिअरवर चालते! मोटर बिघडली तर हात आहे, असं तुम्ही सांगता. पण गिअर गेला की मोटरही गेली आणि हातही गेला. हा आराखडा कोणी मंजूर केला? जुन्या पंख्याच्या मुठीने मला एकदाही छतावर चढवलं नव्हतं.

आता तुमच्या लोकांचं ऐका. याआधीच्या तक्रारींना एकाने बॅटरी कमजोर असेल असं सांगितलं. भरलेली बॅटरी स्वस्थ असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, माझीही तेवढंच दाखवत होती, आणि झाकणाची मोटर चालू असताना पंख्याच्या टोकांवर मी मल्टिमीटर लावला तेव्हाही काटा १२ च्या खाली गेला नाही. हे मी लिहून पाठवलं. त्यावर उत्तर आलं नाही, एक पार्सल आलं. त्यात नवा रिमोट होता. झिजलेल्या गिअरवर रिमोट!

आज जे झालं ते मी शब्दशः लिहिते, कारण तुमच्याकडे कॉल रेकॉर्ड होतात असं तुम्हीच सुरुवातीला ऐकवता. काढून ऐका.

मी म्हटलं, झाकण चार बोटं उघडं राहतं. तुमच्या प्रतिनिधीने विचारलं, "मॅडम, पॅनेलवर कोणता दिवा आहे?" मी म्हटलं, हिरवा. तो म्हणाला, "मग झाकण बंद आहे." मी म्हटलं, मी त्याच्या खाली उभी आहे आणि मला फटीतून आभाळ दिसतंय. तो म्हणाला, "सिस्टिमप्रमाणे हिरवा दिवा असेल तर झाकण बंदच असतं, मॅडम." मी म्हटलं, तुमची सिस्टिम झाकणाकडे पाहतच नाही, ती फक्त मोटर किती वेळ फिरली ते मोजते. झाकण खरंच टेकलं का हे सांगणारा स्विचच आत नाही, मी उघडून पाहिलंय. तो थोडा वेळ गप्प होता. मला वाटलं, कळलं. मग तो म्हणाला, "उघड्या झाकणाची तक्रार नोंदवायला पॅनेलवर लाल दिवा असावा लागतो. हिरव्या दिव्यावर फॉर्म पुढे जात नाही." मी फोटो पाठवला. त्यात झाकण, फट, फटीत घातलेली माझी चार बोटं आणि बाजूला पॅनेल, सगळं एका चौकटीत आहे. त्याने फोटो उघडला आणि म्हणाला, "यातही दिवा हिरवाच दिसतोय, मॅडम."

माझी बोटं त्याला दिसली नाहीत. दिवा दिसला.

मी वरिष्ठांना फोन द्या म्हटलं. बराच वेळ तुमची ट्यून ऐकवल्यावर वरिष्ठ आले. त्यांनी झाकणाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, "पंखा बसवताना छताला भोक पाडलंय का?" मी म्हटलं, छतावरचा व्हेंट पंखा भोकाशिवाय कसा बसतो? ते म्हणाले, "छताच्या मूळ रचनेत बदल केला असेल तर वॉरंटी लागू होत नाही." मी म्हटलं, भोक कारखान्यातून आलेलं आहे, १४ बाय १४ इंचांचं, आणि तुमच्या खोक्यावर ठळक अक्षरांत छापलंय की हा पंखा १४ बाय १४ च्या तयार चौकटीत बसतो. मी छताची एक तसूही कापलेली नाही. त्यांचं उत्तर, "पण भोक आहे ना, मॅडम?"

यावर मी काय बोलायला हवं होतं? तुमचा पंखा ज्या भोकासाठी तुम्ही बनवलात, तेच भोक वॉरंटी नाकारायचं कारण. या हिशोबाने तुमच्या एकाही पंख्याला कधी वॉरंटी नव्हती. मग खोक्यावर ती छापलीत कशाला?

फोन ठेवता ठेवता त्यांनी आणखी एक सल्ला दिला, की गळती असेल तर कडेने सगळीकडे सिलिकॉन लावा. हा सल्ला दुसऱ्या कोणाला देऊ नका. ईपीडीएम नावाच्या रबराच्या छतावर सिलिकॉन नीट धरत नाही, काही दिवसांत कडेने सुटतं, आणि त्याचा थर राहिला की त्यावर पुढचं योग्य सीलंटही चिकटत नाही. मी चौकटीखाली ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) घातली आहे आणि वरून कडा व प्रत्येक स्क्रूचं डोकं आपोआप सपाट होणाऱ्या सीलंटने झाकलं आहे. झाकण टेपने बंद करून चौकटीच्या चारी बाजूंनी पाणी ओतून पाहिलं, आत थेंब नाही. छताच्या कापलेल्या कडेचं लाकूड कोरडं आहे. पाणी झाकणाच्या फटीतूनच येतं. हेही मी आधी लिहून कळवलेलं आहे.

आणि तुमच्या पत्रकातली ती वायरची ओळ दुरुस्त करा. "सारख्या रंगाच्या वायर एकमेकींना जोडा" असं तुम्ही छापलंय. तुमच्या पंख्याला लाल आणि काळी वायर आहे, काळी निगेटिव्ह. बऱ्याच ट्रेलरमध्ये १२ व्होल्टच्या जोडणीत काळी पॉझिटिव्ह असते आणि पांढरी निगेटिव्ह. मी जोडण्याआधी मल्टिमीटरने तपासलं म्हणून माझा बोर्ड शाबूत आहे. जो बिचारा तुमच्या ओळीवर विसंबून काळीला काळी जोडेल त्याचं काय? त्यालाही तुम्ही दिव्याचा रंग विचारणार?

तुमचा वरिष्ठ मला असंही म्हणाला की पावसात झाकण उघडं ठेवूच नये. मग पावसाचा सेन्सर कशासाठी विकता? पाऊस असतो तेव्हाच खिडक्या मिटलेल्या असतात, माणसं आत असतात, चूल आत पेटते आणि दमट हवा सगळ्यांत जास्त साठते. त्याच वेळी छतावरच्या झाकणावर भरवसा ठेवता यायला हवा. पंखा मंद चालला, आवाज केला, थर्मोस्टॅट एखाद-दोन अंश चुकला, तर मी चालवून घेतलं असतं. पण झाकण हा छताचा भाग आहे. ते मिटत नसेल तर माझ्या छताला भोक आहे, आणि या एका गोष्टीवर तुमच्या वरिष्ठांचं आणि माझं एकमत आहे.

मला वाईट वाटतं ते यामुळे, की हवा ओढायला हा पंखा खरोखर उत्तम आहे. एक खिडकी बोटभर उघडून तो बाहेर फेकण्यावर लावला की घटकाभरात आतली वाफ निघून जाते, काचा कोरड्या होतात. मोटर शांत आहे, मंद गतीवर बॅटरी जवळजवळ खातच नाही. ज्याने ही पाती आणि ही मोटर बनवली तो काम जाणणारा माणूस आहे. त्याच्या कामावर तुम्ही नाण्याएवढा कचकड्याचा गिअर बसवून पाणी फिरवलंत. मी हा पंखा ओळखीच्या लोकांना घ्यायला सांगितला होता, आणि आता त्यांना फोन करून जाळी काढून गिअर तपासा असं सांगते आहे.

मला हवं ते असं. झाकण उचलण्याची पूर्ण यंत्रणा बदलून द्या, आणि त्यात तोच प्लॅस्टिकचा गिअर नको, धातूचा हवा. तसा तुमच्याकडे नसेल तर पंखा परत घ्या आणि पूर्ण पैसे द्या. भिजलेल्या गादीची भरपाई द्या. वॉरंटी भोकामुळे नाकारली हे तुमच्या लेटरहेडवर सहीनिशी लिहून द्या, किंवा ते मागे घेतलं असं लिहून द्या. आणि पुढच्या पंख्यांत झाकण टेकल्याचं सांगणारा स्विच बसवा, म्हणजे निदान तुमचा दिवा तरी खरं बोलेल.

पंधरा दिवस वाट पाहीन. त्यानंतर हे पत्र, चार बोटांचा फोटो आणि तुमच्याच खोक्यावरच्या १४ बाय १४ च्या ओळीचा फोटो घेऊन मी ग्राहक न्यायालयात जाईन, आणि आजच्या कॉलचं रेकॉर्डिंग तिथे मागवून घेईन. गिअर आणि त्याचा भुसा मी पिशवीत सील करून ठेवला आहे. तपासायला माणूस पाठवलात तर त्याला समोर बसवून दाखवेन. पोस्टाने तो तुमच्याकडे येणार नाही.

तुमची ग्राहक