झायफेनच्या कातारीकाकांचे आणि इतरांचे आभार

लेकीकडे जर्मनीत ड्रेस्डेनला आलोय. सावंतवाडीत आयुष्यभर लाकडाची फळं कातली, त्यामुळे राजवाडे दोन दिवसांत बघून झाले आणि एकटाच चेक सीमेजवळच्या झायफेनला निघालो. खेळण्यांचं गाव ते. उतरलो मात्र भलत्याच थांब्यावर. पावसात उभा बघून ज्या बाईंनी गाडी थांबवली, त्यांचे पहिले आभार.

कातारीकाकांचा कारखाना बंद होत होता. भाषा येईना, म्हणून मोबाईलवर माझ्या लेथचा फोटो दाखवला. काकांनी फोटो बघितला, माझ्या बोटांवरचे घट्टे बघितले आणि दिवे परत लावले.

आपण लाकूड वाळवून घेतो, तर ते स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचा ओला ओंडका लेथवर लावतात! त्याच्या तोंडावर आधी एका बाजूने खाचा, मग उलटवून दुसऱ्या बाजूने. हाती येतं नुसतं कडं. ते सुरीने उभं चिरलं की प्रत्येक फाकेत घोडा, पाय-शेपटीसकट. कातताना घोडा दिसतच नाही, सगळं हाताच्या अंदाजावर. मला पटाशी दिली, माझ्या घोड्याला मान राहिली नाही. काका खो खो हसले, मीही.

जर्मनचं इंग्रजी करून सांगणाऱ्या शेजारच्या पोरी, तुझे आभार. (माझं इंग्रजी तुला समजलं, हेच विशेष.) शेवटच्या बसपर्यंत सोडायला आलेल्या काकूंचेही. काकांनी वर्तमानपत्रात गुंडाळून दिलेलं अर्धं कडं अजून चिरलेलं नाही. वाडीला जाऊन पोरांसमोरच चिरणार.