सूर लागायच्या आधी

चि. रोहितला अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले त्या कोल्डप्ले बँडच्या कार्यक्रमाचे व्हिडिओ बघितले. बाबांनी दोनच बघितले आणि 'दिवाळी हाय काय रे ही?' म्हणून चष्मा काढून ठेवला. मी मात्र सगळे बघितले. हजारो लोकांच्या मनगटावरचे पट्टे एका झटक्यात निळ्याचे पिवळे होतात, ते बघून मजा वाटली, खोटं कशाला सांगू. आणि स्टेडियमला नाव डी. वाय. पाटलांचं, म्हणजे कोल्हापूरचा हात तिथंही पोचलाच!

खाली तू विचारलंयस, 'आई, तुझं पहिलं लाइव्ह कुठलं?' तुला वाटलं असणार, मी गाण्याच्या बैठकींचा आपला देवल क्लब म्हणेन. तसं नाही. माझं पहिलं लाइव्ह म्हणजे हलगी.

मंगळवार पेठेत आमचं घर. खासबागेत कुस्त्या असल्या की आम्हा पोरींना मैदानात कोण नेतंय? गच्चीवर उभं राहायचं आणि ऐकायचं. पण खरी गंमत त्याच्या आधीच असायची. हलगीवाले बोळाच्या तोंडाशी जुनी रद्दी नाहीतर पाचट पेटवायचे आणि हलगी त्या जाळावर धरायचे. थोडं शेकायचं, बोटानं टिचकी मारायची, कान जवळ नेऊन ऐकायचं, परत जाळावर. आधी नुसतं भद्द वाजायचं. मग कातडं ताणत जायचं आणि एका क्षणाला असं टणकन वाजायचं, की गच्चीवर आमच्या अंगावर काटा यायचा. वाजवणारा मान हलवायचा आणि पायानं जाळ विझवायचा. मग जोडीचं वाद्य घुमकं मिसळायचं आणि पुढं काय व्हायचं ते तुला माहीतच आहे, नाद खुळा! पण मला आजही ती हलगी शेकतानाची टिचकी जास्त आठवते.

देवल क्लबात आबा मला न्यायला लागले ते नंतर. आबांचा सगळा जीव गाण्याच्या जयपूर घराण्यात, आणि कोल्हापूरच्या माणसाचा असणारच की. त्या घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांना शाहू महाराजांनी इथं दरबारात ठेवलं. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर त्यांच्याकडं शिकल्या, आणि खाँसाहेबांचे चिरंजीव भूर्जीखाँ यांच्याकडं मल्लिकार्जुन मन्सूर शिकले. पैलवानांच्या गावात एवढं अवघड गाणं कसं रुजलं, असं पुण्याची माणसं विचारतात. मला त्यात काही नवल वाटत नाही. डाव कुठून पडणार हे ओळखायची सवय लागलेल्या गावाला तालाची सम कुठून येणार याची उत्सुकता असणारच.

पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं गाणं सुरूच होईना. बाई येऊन बसल्या, पेटीवाले बसले, तबलजीनं हातोडी काढून कड ठोकायला घेतली. मागं दोन तानपुरे. त्यातला एक काही केल्या जुळेना. घोडीवर तारेखाली जो सुताचा दोरा असतो ना, तो त्या मुलीनं केसभर पुढं सरकवला, तार छेडली, पुन्हा केसभर मागं. बाई डोळे मिटून नुसत्या मान हलवत होत्या, नाही, नाही. मी आबांच्या कानात म्हटलं, 'कधी सुरू होणार?' आबा म्हणाले, 'झालं की सुरू.' आणि तेवढ्यात तो दोरा जिथं बसायला हवा तिथं बसला. तार एकदम गुंजायला लागली, म्हणजे जवारी खुलली. बैठकीतली कुजबुज आपोआप थांबली, कुणी सांगावं लागलं नाही. बाईंनी षड्ज लावला तेव्हा तो कुठून सुरू झाला हे मला कळलंच नाही, तानपुऱ्यातूनच बाहेर आल्यासारखा वाटला.

मोगूबाईंच्या लेकीचं, किशोरीताई आमोणकरांचं तर हे प्रसिद्धच होतं. तानपुरे मनासारखे लागेपर्यंत त्या गायला सुरुवात करायच्या नाहीत, आणि लोक चुळबुळ करायला लागले तर सुनवायच्याही. लोक त्याला नखरा म्हणायचे. मला तो कधीच नखरा वाटला नाही. ज्याला सुरात राहायचंय, त्यानं घर नीट बघूनच आत पाऊल टाकावं.

तुमच्याकडं हे सगळं पडद्यामागं होतं. गिटार लावून देणारा वेगळा माणूस असतो, गाणं संपलं की दुसरी तयार गिटार हातात येते. गाणारे ऐन वेळी येतात आणि पहिल्याच ठोक्याला आकाश उजळतं. भारी असतं, मान्य. पण रोहित, त्यातलं लागणं तुम्हाला कुणी दाखवतच नाही. रेकॉर्डमध्येही तेच. केसरबाईंची 'जात कहाँ हो' ही भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानावर चढवून आकाशात पाठवली, आता ती सूर्यमालेच्याही पलीकडं गेलीय. मला अभिमान आहेच. पण ती जेमतेम साडेतीन मिनिटं. त्या परग्रहवाल्यांना वाटणार, ही माणसं तोंड उघडलं की थेट भैरवीच गातात! आणि अल्लादियाखाँसाहेबांची तर एकही ध्वनिमुद्रिका नाही. या गावात जो सर्वांत मोठा गवई राहिला, त्याचं गाणं ऐकायला आता शिष्यांच्या गळ्याशिवाय दुसरी जागा नाही. आबांना त्याची फार हळहळ. मला तेवढी नाही. गाणं तसंही गळ्यातूनच पुढं जातं.

नाटकाचं लिहायला बसले तर पत्र संपायचं नाही. केशवराव भोसले नाट्यगृहात ऑर्गनवाल्यानं पहिला सूर धरला की आपल्या आज्जी पदर नीट करून सरसावून बसायच्या, आणि आवडत्या पदाला 'वन्समोर' द्यायला पुरुषांच्याही आधी. 1915 साली महाराजांनी बांधलं तेव्हा त्याचं नाव पॅलेस थिएटर होतं. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते जळालं, आणि दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती. सकाळी मी आणि बाबा जाऊन बघून आलो. रस्त्यावर उभी असलेली म्हातारी माणसं रडत होती. त्यावर आणखी लिहवत नाही.

आता डॉल्बीबद्दल. तू म्हणतोस, तुला गाण्याचा ठोका छातीत जाणवला. गणपतीत डॉल्बी दारावरून जातो तेव्हा मलाही जाणवतो, आणि मांडणीतली ताटंसुद्धा नाचायला लागतात. तुझा कार्यक्रम आणि तो, दोन्ही एकच असं मी म्हणणार नाही, तुमचे गाणारे सुरात आहेत. त्या पिआनोवरच्या हळू गाण्यात तर त्याचा आवाज थोडा चिरकला आणि त्यानं तो तसाच राहू दिला, ते मला फार आवडलं. तो एवढाच व्हिडिओ मी परत परत लावला. पण आवाज वाढवला की गाणं वाढतं, हे माझ्या गळी उतरत नाही. बोळात हलगी होती तेव्हा तीसुद्धा गल्लीभर ऐकू जायची, आणि तरी शेजारच्याशी बोलता यायचं.

तुला ऐकवायचंय ते इथं जवळच आहे. मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला गाणं असतं, किराणा घराण्याच्या अब्दुल करीमखाँसाहेबांच्या आठवणीत. चिंचेच्या झाडाखाली बैठक. नावाजलेले येतात, नवखेही येतात. मिरजेचे तानपुरे करणारे कारागीर त्याच गावात, त्यांच्या तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. ज्यांनी भोपळा कोरला, तारा चढवल्या, तीच माणसं कधी कधी समोर बसून ऐकत असतात. अशा लोकांसमोर बेसूर व्हायची कुणाची छाती आहे?

तारखा कळल्या की फोन करते. सुट्टी टाक, संध्याकाळच्या आत ये, जेवून निघू. तिथं उशिरा पोचलास आणि तानपुरे आधीच लागलेले असले तर मी तुझ्याशी बोलणार नाही. आणि माझे गुडघे हल्ली मांडी घालू देत नाहीत, तेवढी एक घडीची खुर्ची गाडीत टाक.

तुझी
आई